परळला कॉन्फरन्स? मुक्काम लालबागला!

बॉस्टनहून रिसर्च पेपर वाचायला आलेल्या मावसबहिणीला मी तीन टिप्स दिल्या. एक : टॅक्सीचा नाद सोड. परळ स्टेशनवरून टाटा, केईएम, हाफकिन, सगळं चालत. दोन : गणपतीचे दिवस आहेत, तासभर आधी निघ. राजाच्या गर्दीला तुझं प्रेझेंटेशन कळत नाही! तीन : हाफकिनच्या गेटपाशी दोन मिनिटं थांब. १८९७ साली वाल्डेमार हाफकिननी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच साथीत आमच्या आजीच्या आजीचं अख्खं माहेर गेलं.

रात्री बाईसाहेब चिवडा गल्लीतला चिवडा घेऊन उगवल्या. ‘पेपर कसा झाला?’

‘ते राहू दे. त्या आजीचं नाव काय गं?’

मला आठवेना. तेव्हा मंडळी, चौथी टीप : बॅज विसरलात तरी चालेल, हे मात्र घरी विचारून निघा!