विभागाचे संकेतस्थळ : घर कोणाचे, दप्तर कोणाचे?

मराठी विभागाला स्वतःचे संकेतस्थळ असावे की नसावे, हा वाद आता उरलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'केअर' यादीच्या काळात अनेक विभागांनी घाईघाईने संकेतस्थळे उभारली; आयोगाने ती यादी २०२५ मध्ये बंद केली, पण संकेतस्थळे राहिली. आता प्रश्न आहे तो ती कशी चालवावीत हा. आमच्या नरडाण्याच्या छोट्या विभागापुढे नुकताच एक प्रस्ताव आला. वार्षिक शुल्क भरावे, सारी आशय-व्यवस्थापन प्रणाली कंपनी आपल्या संगणकावर चालवील, आणि प्राध्यापकांनी केवळ परवलीचा शब्द टाकून मजकूर भरावा, असे त्याचे स्वरूप होते. बैठकीत तो जवळजवळ मंजूर झाला होता. प्रस्तुत लेखकाने विरोध केला. त्यामागील भूमिका येथे मांडावयाची आहे.

अशा प्रणालीत मजकूर विदागारात साठवला जातो आणि वाचकाने पान मागितले की तो साच्यात बसवून दाखवला जातो. रोज लिहिणारे दहा-वीस हात असतील, जुन्या मजकुरात सतत दुरुस्त्या होत असतील, शोधाची सोय हवी असेल, तेथे ही योजना अपरिहार्य आहे. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया साध्या, सुट्या पानांवर चालवता आला नसता. तथापि आमच्या विभागाचा व्यवहार काय? विभागाचा परिचय, अभ्यासक्रम, वर्षातून दोनदा निघणाऱ्या अंकांची अनुक्रमणिका व लेख, आणि विद्यार्थ्यांनी आसपासच्या गावांतून जमविलेल्या काही शे अहिराणी ओव्या व म्हणी. वर्षातून दोन-चार वेळा बदलणाऱ्या या सामग्रीला साधी एचटीएमएल पाने पुरेशी आहेत. ती कोणत्याही सर्व्हरवर ठेवता येतात, आणि पेन ड्राइव्हवर घेतलेली त्यांची प्रत इंटरनेट नसतानाही उघडते.

सहकाऱ्यांचा आक्षेप असा की, विभागात एचटीएमएल कोणाला येते? हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. परंतु भाड्याची प्रणाली घेतली तरी ती चालविणार कोण, याचे उत्तर प्रत्येक महाविद्यालयात एकच असते : तासिका तत्त्वावर काम करणारा एखादा तरुण अध्यापक. मार्चमध्ये त्याची नेमणूक संपते आणि परवलीचा शब्द त्याच्याबरोबर जातो. प्रस्तुत लेखकाने पूर्वी जेथे अध्यापन केले, त्या एका महाविद्यालयात नेमके हेच घडले. संकेतस्थळाचे नूतनीकरण राहिले, शुल्काची सूचना त्या तरुणाच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिली, आणि सात वर्षांची चर्चासत्र-टिपणे एका सकाळी दिसेनाशी झाली. त्या मजकुराची दुसरी प्रत कोणाजवळही नव्हती. त्या तरुणाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला तर त्या कामाचा वेगळा मोबदलाही मिळत नव्हता.

मोठ्या कंपन्यांकडे गेल्याने हे टळते, असेही नाही. याहूने जिओसिटीज २००९ मध्ये बंद केली. गूगलची जुन्या पद्धतीची 'साइट्स' सेवा पुढे त्याच वाटेने गेली. घरमालकाने घर पाडायचे ठरविले, तर भाडेकरूने आपले सामान वेळेत बाहेर काढावे, एवढेच त्याच्या हाती असते. म्हणून प्रस्तावावर सही करण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न हा की, सारा मजकूर उद्या एकगठ्ठा, वाचता येईल अशा रूपात आम्हाला परत मिळेल काय? आमच्याकडे आलेल्या गृहस्थांना हा प्रश्न अनपेक्षित वाटला, हे नमूद करणे भाग आहे.

येथे जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचे उदाहरण बोलके आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकीय विदा बांधली. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. तरीही २०१७ पासून तो संग्रह 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या नव्या घरी वाचकांसमोर येऊ लागला. संग्रह एवढा मोठा असल्याने त्याला विदागार हवेच होते. पण ते एका घराला खिळलेले नव्हते, म्हणूनच हे स्थलांतर शक्य झाले. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना रुमालात बांधलेल्या दप्तराचे मोल वेगळे सांगावयास नको. गाठ सोडली की कागद वाचता येतो; त्यासाठी कोणाला मासिक शुल्क भरावे लागत नाही.

शिवाय आमचे खरे काम कोणतीही प्रणाली करून देणार नाही. १९९० च्या दशकातील आमचे अंक जुन्या फाँटांत जुळविलेले आहेत. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसविलेले असत. ती फाइल आज उघडली, तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. हा मजकूर युनिकोडमध्ये आणणे आणि रूपांतरात तुटलेली जोडाक्षरे व रफार ओळीगणिक तपासणे, हे मराठीच्या अध्यापकाचेच काम आहे. अहिराणी मजकुराची गोष्ट आणखी वेगळी. आंतरराष्ट्रीय भाषा-संकेतांत अहिराणीला 'एएचआर' हा स्वतंत्र संकेत आहे. साध्या पानावर ओवीची भाषा कोणती, हे आपण स्वतः नोंदवू शकतो. तयार प्रणालीच्या यादीत मराठी सापडते, अहिराणी सापडण्याची शक्यता कमीच. मग खानदेशातल्या बाईची ओवी तिथे मराठी म्हणून नोंदली जाणार, आणि ही नोंद करणारा विभाग आमचाच असणार.

अखेर बैठकीत प्रस्ताव पुढे ढकलला गेला. स्वतःच्या नावाचा पत्ता महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवर नोंदवावा, पाने साधी ठेवावीत आणि त्यांच्या दोन प्रती, एक ग्रंथालयात व एक विभागाच्या कपाटात, असाव्यात, असे प्रस्तुत लेखकाने सुचविले आहे. ओव्यांची संख्या काही हजारांवर गेली, तर विदागाराचा विचार पुन्हा करावा लागेल. तूर्त १९९३ च्या अंकाचे युनिकोड-रूपांतर हाती घेतले असून पहिल्या सोळा पानांची तपासणी झाली आहे.