एकाच डोळ्याने धूसर दिसू लागले तर…

वाशीम जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत साठी ओलांडलेल्या माणसाला धूसर दिसू लागले की घरच्यांचे निदान ठरलेले असते : मोतीबिंदू. सोयाबीन निघाले की दाखवू, शिबिराची तारीख कळली की जाऊ, असे म्हणता म्हणता दोन-तीन महिने निघून जातात. बहुतेकांच्या बाबतीत हे निदान खरेही ठरते; म्हणूनच त्याच्याआड दुसरे काही दडले असेल, तर ते नजरेतून सहज निसटते. वाचकहो, अशाच एका दुर्मीळ, पण गंभीर कारणाविषयी आज लिहीत आहे. फुप्फुसाचा कर्करोग कधीकधी खोकल्याच्याही आधी डोळ्यात प्रकट होतो.

दृष्टिपटलाच्या, म्हणजे आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो त्याच्या मागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा दाट थर असतो. फुप्फुसातील गाठीपासून सुटलेल्या पेशी रक्ताबरोबर वाहत येऊन तेथे रुजू शकतात. फुप्फुसाच्या आतील भागाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे तेथील गाठ बराच काळ मुकाट्याने वाढते. डोळ्यात मात्र लहानशी गाठही पडद्याखाली पाणी साचवते आणि नजर लगेच तक्रार करते. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील नेत्रतज्ज्ञ कॅरल शील्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली डोळ्यात कर्करोग पसरलेल्या ४२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना, डोळा दाखवायला येईपर्यंत, आपल्याला कर्करोग आहे याची कल्पनाच नव्हती. पुढे ज्यांचे मूळ सापडले, त्यांत फुप्फुसाचे प्रमाण सर्वाधिक होते.

मोतीबिंदू सावकाश, महिनोन्‌महिने वाढतो. येथे बिघाड काही आठवड्यांत होतो आणि बहुधा एकाच डोळ्यात. दाराची सरळ चौकट वाकडी दिसते, प्रकाशाच्या रेघा चमकतात किंवा नजरेच्या एका बाजूला सावली येते. भिंतीवरील दिनदर्शिका आळीपाळीने एकेक डोळा झाकून वाचून पाहा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा अधू डोळ्याचे उणे झाकून नेतो. अर्थात मधुमेह, रक्तदाब किंवा वयोमानाने होणारे पडद्याचे विकारही असेच दिसतात आणि तेच कितीतरी अधिक आढळतात. निवाडा डॉक्टरांनी करायचा आहे, परंतु त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासणे आवश्यक आहे. नुसता चष्म्याचा नंबर काढून परतू नका.

आणखी एक खूण आहे. एक पापणी किंचित उतरते, त्याच डोळ्याची बाहुली लहान होते आणि त्याच बाजूचा खांदा व हात ठणकत राहतो. यात डोळा निरोगी असतो. फुप्फुसाच्या शेंड्यावरील गाठ डोळ्याकडे जाणाऱ्या चेतातंतूंना दाबत असते. खांद्याला मलम चोळण्यात मात्र आपल्याकडे फार दिवस जातात.

डॉक्टरांना विडी-तंबाखूची सवय, लांबलेला खोकला, घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग हे सारे न विचारताही सांगा. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या माऊलीने धुराचीही गोष्ट सांगावी. हा रोग कधीही विडी न ओढलेल्यांनाही होतो. छातीच्या फोटोत डाग दिसला की आपल्याकडे प्रथम क्षयाची शंका येते, आणि ती वाजवीच आहे. मात्र थुंकीत जंतू सापडत नसतील आणि औषधांनी डाग विरत नसेल, तर सीटी स्कॅन व बायोप्सीविषयी स्पष्ट विचारावे.

डोळ्यापर्यंत पोहोचलेला हा रोग चौथ्या अवस्थेतील असतो आणि तो समूळ बरा होणे क्वचितच घडते, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी अवश्य करून घ्यावी. ईजीएफआर जनुकात विशिष्ट बदल आढळल्यास रोजच्या गोळ्यांनी छातीतील आणि डोळ्यातील, दोन्ही गाठी आक्रसू शकतात. इतरांना डोळ्यावर किरणोपचार देता येतात. वेळेत गेल्यास अनेकदा नजर टिकते. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात अशा रुग्णांवर उपचार होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे; जाताना शिधापत्रिका, आधार कार्ड आणि छातीचे जुने फोटो सोबत ठेवावेत.