सरकारी वकिलाचा जिना आणि आरोपीच्या वकिलाचा बाक

आमच्या अकोल्यातल्या (नगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे, हे दरवेळी सांगावं लागतं) एका ग्रुपवर न्या. भूषण गवई निवृत्त झाले त्या आठवड्यात जोरदार जुंपली. एका बाजूला "आपला मराठी माणूस, बाबासाहेबांचा वारसा, साहेबांना सलाम" आणि दुसऱ्या बाजूला "जन्मभर सरकारी वकील, शेवटी सरकारचंच भलं करून गेला". मी दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी एका शहाण्याने लिहिलं, "अहो वकीलसाहेब, तुमच्या धंद्यातला विषय आहे, तुम्ही का तोंड शिवलंय?" म्हणून हे लिहितोय. लांब झालंय, सांभाळून घ्या.

आधी माणसाची वाटचाल नीट बघू. ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना तीही माहीत नाही, मतं मात्र पक्की आहेत.

जन्म अमरावतीचा, 24 नोव्हेंबर 1960. वडील रा. सू. गवई, म्हणजे दादासाहेब. रिपब्लिकन चळवळीतले मोठे नेते, पुढे बिहार, सिक्कीम, केरळचे राज्यपाल. मुलाला आर्किटेक्ट व्हायचं होतं. वडिलांना स्वतःला वकील व्हायचं राहून गेलं होतं, म्हणून मुलगा वकील झाला, हे गवईंनीच नागपूरच्या सत्कारात गहिवरून सांगितलं. 1987 पर्यंत बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखाली, मग काही वर्षं मुंबईत स्वतंत्र वकिली, 1990 नंतर नागपूर. ऑगस्ट 1992 ते जुलै 1993 सहायक सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी अभियोक्ता. 17 जानेवारी 2000 ला नागपूर खंडपीठाचे मुख्य सरकारी वकील आणि अभियोक्ता. 14 नोव्हेंबर 2003 ला उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. तारखा लक्षात ठेवा. सरकारी वकिलाच्या खुर्चीतून न्यायाधीशाच्या खुर्चीत जायला चार वर्षंसुद्धा लागली नाहीत. पुढे साडेपंधरा वर्षं उच्च न्यायालय, 24 मे 2019 ला सर्वोच्च न्यायालय, 14 मे 2025 ला सरन्यायाधीश, 23 नोव्हेंबरला निवृत्त. निवृत्तीनंतर कुठलंही सरकारी पद घेणार नाही, असं आधीच जाहीर केलेलं.

आता "सरकारी वकील म्हणजे सरकारचा माणूस" हा आरोप घ्या. माझ्या मते तो आळशी आरोप आहे. 13 नोव्हेंबर 2024 चा बुलडोझर निकाल कुणी लिहिला? आरोपीचं घर पाडायला निघालेल्या सरकारला 15 दिवसांची नोटीस द्यावी लागेल, आणि बेकायदा पाडलं तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई वसूल होईल, हे या माजी सरकारी वकिलानेच लिहिलं. मनीष सिसोदियांना 17 महिन्यांनी जामीन देणारं खंडपीठ त्यांचंच. सरन्यायाधीश झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या कोंढवा बुद्रुकची वनजमीन बिल्डरच्या घशात घालणारा 1998 चा महसूल खात्याचा व्यवहार रद्द केला, तोही त्यांनीच. निठारी प्रकरणात सुरेंद्र कोलीला शेवटच्या खटल्यातूनही सोडलं ते 11 नोव्हेंबर 2025 ला, निवृत्तीला बारा दिवस राहिले असताना, कारण पुरावा टिकत नव्हता. देशभर शिव्या बसणार हे माहीत असूनही.

मग भक्तमंडळी म्हणतील, बघा! थांबा. नोटाबंदी बरोबर होती असं सांगणारा 2 जानेवारी 2023 चा बहुमताचा निकाल कुणाचा? त्यांचाच. न्या. नागरत्ना एकट्या विरोधात उभ्या राहिल्या. आधी काम उरकायचं आणि नंतर पर्यावरण मंजुरी घ्यायची या प्रकाराला मे 2025 मध्ये न्या. ओक यांच्या खंडपीठाने लगाम घातला होता. नोव्हेंबरमध्ये गवईंच्या खंडपीठाने 2 विरुद्ध 1 असा तो लगामच काढून घेतला. धरणाच्या पाण्यात गावं गेलेल्या तालुक्यात राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

म्हणजे हिशेब दोन्ही बाजूंनी लागत नाही. आणि लागणारही नाही, कारण प्रश्नच चुकीचा विचारला जातोय.

जुनं उदाहरण देतो. यशवंतराव चंद्रचूड. मूळचे पुण्याकडचे, 1958 पासून मुंबई उच्च न्यायालयात सरकारी वकील. नानावटी खटला उच्च न्यायालयात आला तेव्हा सरकारची बाजू त्यांनीच मांडली. 1961 ला न्यायमूर्ती. 28 एप्रिल 1976 ला, आणीबाणीत, माणसाला विनाचौकशी डांबलं तरी तो कोर्टात दाद मागू शकत नाही असं सांगणाऱ्या चार न्यायाधीशांत ते होते. "बघा, सरकारी वकील!" असं म्हणायचा मोह होतो. पण त्या चौघांत न्या. भगवतीसुद्धा होते. गरिबाला मोफत वकील मिळावा म्हणून ज्यांनी देशभर हाडाची काडं केली, तेच भगवती. आणि एकटे विरोधात गेले ते न्या. खन्ना, सरळ जिल्हा न्यायाधीशाच्या नोकरीतून वर आलेले. तेव्हा माणूस कुठून आला यावरून तो कुठे जाईल हे सांगता येत नाही. हे मी मान्य करून टाकतो, म्हणजे पुढचा वाद सोपा होईल.

माझी तक्रार गवईंबद्दल नाहीच. जिन्याबद्दल आहे.

उच्च न्यायालयात न्यायाधीश कसा होतो, हे लोकांना माहीत नसतं. राज्यघटनेचं कलम 217 फक्त एवढंच म्हणतं की दहा वर्षं वकिली हवी किंवा दहा वर्षं न्यायिक पद हवं. बाकी सगळं उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती ठरवतात, नाव तिथून निघतं, मग दिल्लीला जातं. आता सांगा, या तिघांना रोज कोण दिसतं? सरकारी वकील दिसतो. सकाळी साडेदहापासून संध्याकाळपर्यंत तो त्यांच्यासमोर उभा असतो. प्रत्येक फौजदारी अपिलात सरकार पक्षकार, म्हणजे प्रत्येक अपिलात तो. छापून आलेल्या निकालांत त्याचं नाव. उत्पन्न नियमित, कागदावर दाखवता येणारं. निवडीच्या वेळी उत्पन्नही बघतात आणि छापलेले निकालही बघतात. शिवाय त्या खुर्चीत बसवतं कोण? राज्य सरकार. उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करायची हे कायद्यात लिहिलंय, पण सरकार बदललं की सरकारी वकिलांची यादी कशी बदलते हे कुठल्याही बारमध्ये चहा पिताना ऐकायला मिळेल.

या जिन्याच्या पहिल्या पायरीवर मंत्रालयाचं दार आहे. तो चढणारा माणूस प्रामाणिक असेल, हुशार असेल, गवईंसारखा पुढे सरकारलाच चार गोष्टी सुनावणारा असेल. पण दार तेच.

आता दुसरीकडे या. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. कलम 12 म्हणतं, अनुसूचित जमातीचा माणूस, बाई, मूल, कोठडीतला माणूस, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळेल. म्हणजे आमच्या तालुक्यात पश्चिमेकडची निम्मी वस्ती त्यात बसते. हे काम कोण करतं? माझ्यासारखे करतात. तालुक्याच्या कोर्टात, बाकावर बसून.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. राजूरच्या पलीकडच्या एका वाडीतला पोरगा, चोरीचा किरकोळ गुन्हा. जामीन मंजूर झाला. आम्ही खूश. पण जामीनदार हवा, जामीनदाराला ऐपतीचा दाखला हवा, दाखल्याला सातबारा हवा. त्याच्या घरच्यांची जमीन वनहक्काच्या दाव्यात अडकलेली, सातबारा कुणाच्याच नावावर नाही. जामीन झालेला माणूस आणखी तीन महिने आत राहिला. म्हातारा बाप दर तारखेला डोंगर उतरून यायचा आणि मला विचारायचा, "साहेब, जामीन झालाय ना? मग पोरगं कुठंय?" मी काय उत्तर देणार होतो? सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला सांगितलं की जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंगाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने अट सैल करायचा विचार करावा. चांगलं झालं. पण ही अडचण असते, हे वर कळायला इतकी वर्षं का लागली? कारण वर बसलेल्यांपैकी फार थोड्यांना असा बाप कधी भेटलाय. सरकारी वकिलाला तो भेटत नाही, त्याच्याकडे पोलिसांची फाइल येते. ती वाचूनच तो घडतो.

आणि हा बाप ज्या माणसाला भेटतो, त्या वकिलाचं नाव कुठल्या छापील निकालात नसतं. आमचा जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाखाली, तिथे आमच्यातला वर्षाकाठी एखादा जातो. मोफत केसची फी इतकी की प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवायला लाज वाटावी. निवडीचे जे निकष आहेत त्या प्रत्येकावर हा माणूस नापास. आणि मग आपण म्हणतो, गुणवत्तेवर निवड होते!

गवई हे नोव्हेंबर 2024 पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यकारी अध्यक्ष होते. पुढे सहा महिने सरन्यायाधीश, म्हणजे कॉलेजियमचे प्रमुख. दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या हातून गेल्या. त्या सहा महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयासाठी नावं गेली. जुलैअखेरच्या यादीत सत्ताधारी पक्षाच्या एका माजी प्रवक्त्या होत्या. ऑगस्टमध्ये चौदा वकिलांची यादी आली, त्यात सरन्यायाधीशांच्या भाच्याचं नाव असल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. भाचा लायक असेलही, मला माहीत नाही आणि तो माझा मुद्दा नाही. राहुल गांधींच्या खटल्यात "माझे वडील काँग्रेससोबत होते, भाऊ राजकारणात आहे, कुणाला हरकत असेल तर मी बाजूला होतो" असं भर कोर्टात सांगणाऱ्या माणसाकडून मला जास्त अपेक्षा होती, एवढंच. अंगावर बूट भिरकावणाऱ्याला माफ करायला मोठं मन लागतं, ते त्यांनी 6 ऑक्टोबरला दाखवलं. पण जिना दुरुस्त करायला वेगळं काहीतरी लागतं.

"मग तुमचं म्हणणं तरी काय?" असं ग्रुपवर विचारलंच आहे. ऐका. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक तक्ता प्रसिद्ध केला. 9 नोव्हेंबर 2022 पासून उच्च न्यायालयांसाठी सुचवलेली नावं, त्यात कोण अनुसूचित जातीचा, कोण जमातीचा, कोण महिला, कोण आजी-माजी न्यायाधीशाच्या नात्यातला, असे रकाने. चांगली सुरुवात होती. त्यात आणखी दोन रकाने वाढवा. सरकारचं वकीलपत्र किती वर्षं? कोठडीतल्या माणसाची मोफत बाजू किती वर्षं? बस. आरक्षण मागत नाही, कोटा मागत नाही. फक्त छापा. दुसरा रकाना किती रिकामा दिसतो ते सगळ्यांना बघू द्या. जिल्ह्याजिल्ह्यात आता लोक अभिरक्षक कार्यालयं उघडली आहेत, पूर्णवेळ पगारी बचाव वकील बसतात. दहा वर्षांनी त्यातला एक तरी उच्च न्यायालयात दिसला, तर मी माझे शब्द मागे घेईन.

आमच्या देवगावच्या राघोजी भांगरेला 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, पण त्याला वकील मिळाला नाही, बाजू मांडायला कुणी उभंच राहिलं नाही, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सरकारची बाजू मांडायला अर्थातच माणूस होता. दरवर्षी आम्ही जयंतीला मिरवणूक काढतो, डीजे लावतो, पुढारी येऊन भाषणं ठोकतात. यंदा भाषणाला कुणी पुढारी आला तर मी त्याला एवढंच विचारणार आहे, तालुक्याच्या कोर्टात मोफत वकिलाची फी शेवटची कधी वाढली हे साहेब तुम्हाला ठाऊक आहे का.