‘छान’ म्हणजे काय छान, बाई?

काय दोस्तांनो, चाचणीचे पेपर मिळाले का? हातात आल्या आल्या पहिल्यांदा काय पाहिलंत? खरं सांगा हं! लाल गोलातला आकडा. खाली बाईंनी काय खरडलंय ते वाचायला वेळ आहे कुणाला!

आमच्या चौथीत प्रत्येकाची एक ई-संचिका आहे. म्हणजे कपाटातली फाइलच, फक्त ती इंटरनेटवर ठेवलेली. महिन्याला शुद्धलेखनाचा एक फोटो, एक चित्र आणि मोठ्यानं वाचलेल्या उताऱ्याचं रेकॉर्डिंग. फोन बहुतेकांच्या बाबांचा. ते रात्री घरी आले, की नऊनंतर माझ्याकडे टपाटप सगळं येऊन पडतं. वाचनाच्या मागे भाकऱ्या थापल्याचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, सगळं फुकट!

मुलं एकतीस. जुलैत मी काय केलं, सांगू? एकदाच लिहिलं, ‘छान! असाच प्रयत्न कर.’ आणि तेच उचलून एकतीस ठिकाणी चिकटवलं. (तुम्ही गाइडमधून उत्तर उतरवलंत की मीच रागावते!)

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी टेबलाशी आली. “बाई, छान म्हणजे काय छान? मी तर दोनदा अडखळले. अन् शेजारच्या पोरालापण तेच आलंय.”

मी गप्प. कारण तिचं वाचन मी ऐकलंच नव्हतं.

त्या रात्री ऐकलं. ‘ज्योत्स्ना’ या शब्दाशी ती दोनदा अडखळली होती. मग कुणी न सांगता वाक्याच्या सुरुवातीला गेली आणि ते पुन्हा नीट वाचलं. केवढी मोठी गोष्ट! आणि मी ती पाहिलीच नाही. मग तेच तिला कळवलं. लिहून नाही, बोलून, म्हणजे आजीलाही ऐकता येईल. शेवटी म्हटलं, “पूर्णविरामाशी श्वास घे गं, गाडी सुटल्यासारखी पळतेस.”

१९८८ साली रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. सुधारली ती नुसता शेरा मिळालेली मुलं! गुण सोबत आले, की शेरा वाया. आपल्याकडेही २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी आल्या. पण ‘प्रगती समाधानकारक’ एवढं लिहून आम्ही मोकळे!

आता मी रोज रात्री सहा-सातच संचिका उघडते. प्रत्येकाला एक जमलेली गोष्ट सांगायची, एक करायची. उशीर होतो, पण चालतं.

आईबाबा, तुम्हालाही एक विनंती. एका बाबांनी जूनमधला वेड्यावाकड्या अक्षराचा फोटो काढून टाकायला सांगितला, “बरं दिसत नाही हो.” अहो, जून पुसला तर नोव्हेंबर कशाशी ताडून पाहायचा? आणि मुलांच्या वतीनं तुम्ही चित्रं रंगवू नका. ओळखू येतात!

ऑगस्टचं त्या मुलीचं रेकॉर्डिंग आलं. उतारा संपला, थोडा वेळ शांतता, आणि मग हळूच, “बाई, श्वास घेतला. ऐकू आला का?”