पंच्याहत्तर इंचांचा हट्ट

मुलांनो, या वेळी कोडं नाही, प्रयोगही नाही. पत्र आहे. तसं पाहिलं तर कोडं आणि प्रयोग दोन्ही त्यातच आहेत!

चंद्रपूरच्या आठवीतल्या एका वाचकमित्राचं हे पत्र. त्याच्या बाबांना पगाराची थकबाकी मिळाली. नव्या फ्लॅटमध्ये आता ‘होम थिएटर’ करायचं ठरलंय आणि त्यासाठी दीड लाख रुपये बाजूला काढलेत. तो लिहितो, ‘मला पंच्याहत्तर इंची टी.व्ही. हवा. बाबा म्हणतात पंचावन्न पुरे. आजोबा म्हणतात, बातम्या नीट दिसल्या म्हणजे झालं. ताई म्हणते, टी.व्ही.च नको. तिचं दहावीचं वर्ष आहे आणि तिचा अभ्यास हॉलमध्येच चालतो. तुम्हीच सांगा, कोणाचं बरोबर?’

दीड लाख ही काही लहान रक्कम नाही. कित्येक घरांत ती साठवायला दोन-तीन वर्षं लागतात. तेव्हा उत्तर दुकानदारावर सोडू नका. आपल्या मित्राने पत्रात एक फार कामाची गोष्ट लिहिली आहे, ती म्हणजे हॉलचं माप : दहा बाय चौदा फूट. बाबांना म्हणावं, दुकान नंतर, आधी टेप काढा.

टी.व्ही. एका लांब भिंतीला, सोफा समोरच्या भिंतीला. मग अंतर दहा फूट ना? नाही. सोफ्यावर बसलं, की आपले डोळे मागच्या भिंतीपासून दोन फूट तरी पुढे येतात. टी.व्ही. स्टँडवर ठेवला तर तोही अर्धा फूट पुढे येतो. उरले साडेसात फूट, म्हणजे नव्वद इंच. आता या नव्वदाला १.६ ने भागा. उत्तर येतं ५६. बातम्या, क्रिकेट, मालिका, सिनेमा असं सगळं बघणाऱ्या घराला हा आकार सोयीचा. पडदा त्या अंतरावरून डोळ्यांसमोर साधारण ३० अंशांचा कोन व्यापतो. सिनेमागृहात मधोमध बसल्यासारखं वाटायला हवं असेल, तर कोन ४० अंशांचा लागतो. मग १.२ ने भागायचं. उत्तर येतं बरोबर ७५!

म्हणजे बाबांचंही बरोबर आणि मुलाचंही. पण थांबा, हट्ट एवढ्यात जिंकलेला नाही.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या भागात, दिवाळी झाली की गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचं माहेर. २०२३ साली पद्मश्री मिळालेले डॉ. परशुराम खुणे याच रंगभूमीवरचे नट. नाटकाला आलेली माणसं कुठे बसायचं ते कसं ठरवतात, पाहिलंय? फार पुढे बसलं तर मान वर करून बघावं लागतं, फार मागे गेलं तर चेहरा दिसत नाही. स्टेज तेवढंच राहतं, माणूस पुढे-मागे सरकतो. घरात मात्र आपण सोफा जागचा हलवत नाही आणि टी.व्ही. वाढवत बसतो!

आता गंमत बघा. पंचावन्न इंचांना १.२ ने गुणा. उत्तर ६६ इंच, म्हणजे साडेपाच फूट. सिनेमाच्या रात्री सोफ्यापुढे गादी टाका, सोफ्याला पाठ टेकून बसा. डोळे आले ना दोन फूट पुढे? साडेपाच फुटांवरचा पंचावन्न इंची पडदा आणि साडेसात फुटांवरचा पंच्याहत्तर इंची पडदा डोळ्यांसमोर अगदी सारखाच कोन व्यापतात. सकाळी गादी गुंडाळली, की आजोबांच्या बातम्यांना हवा तसा टी.व्ही. परत तयार. फक्त तो भिंतीवर देवाच्या फोटोसारखा उंच टांगू नका. पडद्याचा मध्य जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर असला, तर मान अवघडत नाही.

‘इतक्या जवळून बघितलं तर डोळे जातील,’ असं आजी म्हणेल. जवळून बघितल्याने डोळे थकतात, जात नाहीत. मात्र एखादं मूल नेहमीच पुढे सरकून बसत असेल, तर त्याला लांबचं कमी दिसत असण्याची शक्यता असते. पालकांनी टी.व्ही. बदलण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत.

आता आजोबांच्या बातम्यांकडे वळू. केबलवरच्या किंवा डिशवरच्या साध्या, म्हणजे एच.डी. नसलेल्या वाहिनीचं चित्र आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके मिळून बनतं. गुणाकार करा : ४,१४,७२०. फोर-के टी.व्ही.च्या पडद्यावर ठिपके असतात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००. दुसऱ्याला पहिल्याने भागा. बरोबर वीस! म्हणजे दर वीस ठिपक्यांमागे एकच ठिपका वाहिनीकडून येतो. उरलेले एकोणीस टी.व्ही.ने स्वतःच्या अंदाजाने भरायचे. महागड्या संचातला प्रोसेसर हा अंदाज बरा करतो, स्वस्तातला ढोबळ. पण नसलेली माहिती कोणीच आणू शकत नाही. पंच्याहत्तर इंची पडदा १६६ सेंटिमीटर रुंद असतो. (इंच हे कर्णाचं माप, हे विसरू नका. पायथागोरस इथे कामी येतो.) त्यावर साध्या वाहिनीचा एकेक मूळ ठिपका २.३ मिलिमीटरचा होतो, मोहरीच्या दाण्याएवढा. साडेसात फुटांवरून निरोगी डोळ्याला साधारण ०.६७ मिलिमीटरचे ठिपके वेगळे ओळखता येतात. मग निवेदकाचा चेहरा मोहऱ्यांची रांगोळी काढल्यासारखा दिसला, तर दोष कोणाचा? पंचावन्न इंचांवर हाच ठिपका १.७ मिलिमीटरचा राहतो. आदर्श नाही, पण सुसह्य.

खरं फोर-के चित्र बघायचं, तर ते आणायचं कुठून याचाही विचार हवा. नेटवरून आणायचं तर पंधरा ते पंचवीस एमबीपीएस इतका वेग सतत मिळायला हवा. चंद्रपूर शहरात फायबरची जोडणी असेल तर अडचण नाही. गडचिरोलीच्या आतल्या भागात जिथे फोनची रेंज शोधत फिरावं लागतं, तिथे असा संच घेऊन तो उपाशीच राहील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. महागडा टी.व्ही. महाग का असतो? इंचांमुळे कमी, काळ्या रंगामुळे जास्त. हसू नका. नेहमीच्या एल.ई.डी. टी.व्ही.मध्ये पडद्यामागे दिवे असतात आणि त्यांच्यापुढे प्रकाश अडवणाऱ्या सूक्ष्म झडपा. झडप बंद केली तरी थोडा प्रकाश झिरपतोच, म्हणून काळा रंग राखाडी दिसतो. ‘क्यू.एल.ई.डी.’ हे नाव ऐकून फसू नका. त्यातही मागे दिवेच असतात. फक्त क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांमुळे रंग अधिक शुद्ध होतात. या कणांच्या शोधासाठी २०२३ साली तीन शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ‘मिनी एल.ई.डी.’मध्ये मागचे दिवे खूप बारीक आणि खूप जास्त असतात. त्यांचे शेकडो गट करून, चित्रात अंधार असेल तिथले दिवे मंद करता येतात. आणि ‘ओ.एल.ई.डी.’मध्ये मागे दिवाच नाही! प्रत्येक ठिपका म्हणजे आपापला पेटणारा आणि विझणारा काजवा. कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोघांनी १९८७ साली या युक्तीचा पाया घातला. काजवा विझला की तिथे अगदी मिट्ट काळोख.

दुकानात याची परीक्षा कशी घ्यायची? तिथे फुलं, पोपट आणि समुद्रकिनारे दाखवतात. ते तर कुठल्याही संचावर छानच दिसतात. तुम्ही अंधारातलं दृश्य मागा. संध्याकाळच्या बांबूच्या जाळीत बसलेला वाघ दाखवा म्हणावं! ताडोब्याच्या शेजारचे आपण, आपल्याला माहीत आहे तो कसा दिसतो. सावलीत पट्टे वेगवेगळे दिसले तर संच चांगला. सगळा काळपट चिखल दिसला, तर नुसत्या इंचांना काय करायचं? असं चित्रण पेनड्राइव्हमध्ये घालून न्यायला हरकत नाही. आणखी एक : दुकानात टी.व्ही. मुद्दाम भडक ठेवलेला असतो. रिमोट मागून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावायला सांगा. मग माणसाच्या चेहऱ्याचा रंग बघा. चित्र आधी पिवळट वाटेल, दोन मिनिटांत डोळे सरावतात. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. काही संच मध्ये आपली जादा चित्रं घुसवतात आणि मग मोठा सिनेमाही मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. ती सोय बंद करता येते ना, तेही विचारा.

मग ओ.एल.ई.डी.च घ्यावा का? अंधाऱ्या खोलीत, रात्री सिनेमा बघणाऱ्यांनी जरूर घ्यावा. पण या घरात आजोबा आहेत. एकच वृत्तवाहिनी दिवसाचे सात-आठ तास लागली, की तिचं बोधचिन्ह आणि खालची पट्टी सतत एकाच जागी पेटलेली राहते. तिथले काजवे लवकर थकतात आणि काही वर्षांनी तिथे पुसट डाग राहू शकतो. शिवाय दिवसा हॉलमध्ये उजेड असतो, त्याला जास्त प्रखर पडदा लागतो. म्हणून या घरासाठी माझं मत मिनी एल.ई.डी.ला. आकार पंचावन्न, पण त्या आकारातला वरच्या दर्जाचा. वीस इंच जास्त म्हणजे जवळजवळ दुप्पट क्षेत्रफळ, हे खरं आहे. पण दुप्पट क्षेत्रफळाचा राखाडी काळोख घेऊन काय करणार?

आता आवाज. हा भाग लोक विसरतात आणि आपल्या विदर्भात तर तो विसरून चालतच नाही. मे महिन्यात पारा ४६-४७ वर गेला की खिडकीत कूलर घरघरतो. त्या घरघरीत ढोल-ताशे ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘च’ हे नाजूक उच्चार बुडतात. मग ‘काय म्हणाला रे तो?’ असं विचारत घरातले आवाज वाढवत जातात. पातळ टी.व्ही.त स्पीकरला जागाच नसते, त्यामुळे आवाज आणखीच चपटा. यावर उपाय पाच-सात स्पीकरांचा संच नाही. दहा बाय चौदाच्या खोलीत ते ठेवणार कुठे? संवादासाठी मधला वेगळा स्पीकर असलेला साउंडबार बास. तो जोडायला टी.व्ही.ला ‘ई-एआरसी’ लिहिलेलं एचडीएमआय भोक आहे ना, ते पाहून घ्या. बारसोबत येणारा ढोलासारखा सबवूफर थेट फरशीवर ठेवू नका, त्याचा धमका खालच्या मजल्यावर पोचतो. जाड रबरी चकत्यांवर ठेवा. आणि रात्री दहानंतर आवाज कमी. हे मी सांगत नाही, सरकारचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ शांततेची मानतात.

रिकाम्या हॉलमध्ये जोरात टाळी वाजवून बघा. ‘टण्’ असा लांबट आवाज आला, तर जाड पडदे आणि सतरंजी हवी. जाड पडद्यांनी ऊनही अडतं, म्हणजे एका खर्चात दोन कामं. कूलरची ओली हवा मात्र थेट टी.व्ही.वर येऊ देऊ नका. यंत्राला ओल सोसत नाही.

आता ताई. तिचं म्हणणं मला सगळ्यात खरं वाटतं, आणि पत्रात तिला एकच ओळ मिळाली आहे! ३२ इंचांहून मोठ्या टी.व्ही.वरचा जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पंच्याहत्तरचा नाद सोडल्यानेही पैसे उरतील. त्यातून साउंडबार, पडदे, एक बिनतारी हेडफोन आणि आतल्या खोलीत ताईसाठी टेबल आणि दिवा, एवढं बसवा. टेबल आधी येऊ दे, टी.व्ही. नंतर. बोर्डाची परीक्षा मार्चपर्यंत संपते. तोवर टी.व्ही.चे नवे नमुने निघून जुने स्वस्त झाले, तर बाबांनाही ते आवडेलच.

वीजबिलाचं गणित तुम्हीच करा. संच २०० वॅटचा असेल तर पाच तासांत एक युनिट. खोक्यावरचे ऊर्जा बचतीचे तारे मोजा. ऊर्जानगरच्या मुलांना युनिट म्हणजे किती कोळसा, हे मी वेगळं सांगायला नको.

शेवटी जिना. टी.व्ही.चं खोकं उभंच न्यायचं असतं, आडवं केलं तर पडद्याला तडा जाऊ शकतो. लिफ्टची उंची आणि जिन्याच्या वळणाचं माप आजच घेऊन ठेवा. खोकं उघडल्यावर, माणूस निघून जायच्या आत, पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून मेलेला ठिपका किंवा डाग आहे का बघा.

आणि मृगाच्या विजा कडाडायला लागल्या, की स्टॅबिलायझरवर विसंबू नका. लांब गडगडाट ऐकू आला की लगेच प्लग काढायचा आणि डिशची किंवा केबलची वायरही काढायची. बहुतेक घरांत ही दुसरी वायर तशीच राहते.