जी कुस्ती झालीच नाही

वादातून तत्त्वबोध होतो, असे म्हणतात. आमच्या वसतिगृहात वादातून बहुधा भांडणच होते! गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली. मेणबत्तीभोवती आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. एका मित्राने प्रश्न टाकला, "गामा पहिलवान आणि मारुती माने समोरासमोर आले असते तर?" झाले! बारा वाजून गेले तरी निकाल लागेना.

गामाच्या बाजूचे म्हणाले, १९२८ साली पतियाळ्यात पन्नाशीच्या आसपास असताना त्याने झिबिस्कोसारख्या धिप्पाड मल्लाला मिनिटाच्या आत अस्मान दाखवले. मी मान्यांच्या बाजूने. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कवठेपिरानच्या या मल्लाने फ्रीस्टाईलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्यपदक मिळवले. मग तिसऱ्याने विचारले, "कुस्ती मातीत की गादीवर? निकाल चितपटीवर की गुणांवर?" वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू.

हा नाद केवळ आपलाच नव्हे. १९७० साली अमेरिकेत मुहम्मद अली आणि रॉकी मार्सियानो या दोन काळांतल्या मुष्टियोद्ध्यांची लढत संगणकाला विचारून पडद्यावर दाखवली गेली. दोघांनी कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीच्या फेऱ्या खेळल्या, शेवटही अनेक चित्रित झाले. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकलेला दिसला. परंतु तोवर तो विमान अपघातात मरण पावला होता. स्वतःचा विजय पाहायला विजेताच उरला नव्हता!

काही प्राध्यापक या वादांना रिकामटेकडेपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. या वादांमुळेच तर जुनी नावे जिवंत राहतात. मात्र या खेळात एक गोष्ट आपण न बोलता गृहीत धरतो. दोन्ही मल्ल ऐन भरात, पोटभर खाल्लेले, पुरती विश्रांती घेतलेले आणि पंच निःपक्षपाती! मित्रहो, खऱ्या आखाड्यात असे कधी घडते काय?

खाशाबा जाधवांचेच पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथे जपानच्या इशीबरोबर दीर्घ झुंज झाली आणि खाशाबा थोडक्यात हरले. दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत रशियाच्या मामादबेयॉव्हशी लढायला उभे केले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण तसे ठणकावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा हरले, तरी कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले.

म्हणून मला विचाराल तर, गामा विरुद्ध माने ही खरी काल्पनिक कुस्ती नव्हेच. खरी कुस्ती ती, ज्यात खाशाबांना त्यांचा अर्धा तास मिळतो.

त्या रात्री हे सगळे बोलून झाल्यावर मी सहज म्हणालो, "माझा आजाही पहिलवान होता." मोखाडा तालुक्यातल्या आमच्या गावी बोहाडा संपला की कुस्त्या लागत. आज्याने म्हणे ओळीने सात वर्षे शेवटची कुस्ती मारली. बक्षीस नारळ आणि फेटा. खुराक नागलीची भाकर आणि उडदाची डाळ. भातकापणी उरकली की तो भिवंडीकडे वीटभट्टीवर जाई आणि बोहाड्याला तिथूनच येई. मित्राने विचारले, "वजन किती? हरवले कोणाकोणाला?" मला सांगता येईना. घरात लिहिता येणारा मीच पहिला, आणि मी जन्मलो तेव्हा आज्याचे कुस्तीचे दिवस सरले होते. मित्र हसून म्हणाला, "मग त्याला कुठे जोडायचा?"

त्याचे चुकले नाही. ज्याची नोंद नाही, त्याला कल्पनेतल्या आखाड्यातही जागा नाही. आपल्या जव्हार-मोखाड्याची नोंद जगाने घेतली ती १९९२ साली, वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली तेव्हा. भुकेची आकडेवारी कागदावर आली, ताकदीची आली नाही. अर्धपोटी राहून सात वर्षे आखाडा राखणाऱ्याला दूध, तूप आणि तालीम मिळाली असती तर? हा प्रश्नही गामा-मान्यांच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे, असे माझे नम्र मत आहे.

तेव्हा वाद जरूर घालूया. पण या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या पाड्यावरच्या एका तरी म्हाताऱ्या मल्लाशेजारी वही घेऊन बसावे. नाव, गाव, कोणाशी लढला, कोणता डाव टाकला, सारे लिहून आणावे. पुढच्या अंकात ते छापता येईल.

आजा आता थकला आहे, ऐकूही कमी येते. मी सुरुवात केली आहे. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलेले पहिले नाव त्याला हरवणाऱ्याचे होते.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला