मूकपटाने आपली भाषा विचारली नव्हती

सिनेमा आणि मुसलमान हा विषय निघाला की आपल्याकडील लेखांची गाडी ठरलेल्या रुळांवरून धावते. उर्दू संवाद, गझल, कव्वाली, दिलीपकुमारची अदब, मग खानांची नावे. जणू १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि त्याच दिवशी आपला सिनेमाशी निकाह झाला! त्याआधीचा मूकपट म्हणजे कोरी पाटी. हा हिशेब मला मंजूर नाही. यात उर्दूचे देणे मोजून ते सगळ्या मुसलमानांच्या खात्यावर मांडले जाते. यवतजवळच्या कासुर्डीसारख्या गावात मराठीतच हसणाऱ्या-रडणाऱ्या मुसलमानाचा त्यात मागमूस नसतो. 'मुसलमानाची भाषा उर्दू' असे कुणी म्हटले की आपण चिडतो. सिनेमाच्या बाबतीत मात्र तोच धडा आपण गिरवतो.

मूकपटाने कुणाला भाषा विचारली नव्हती. सुरतेचे अब्दुलअली युसुफअली १९०१ ते १९०७ या काळात सिंगापूर, सुमात्रा, जावा, ब्रह्मदेश, सिलोन असा तंबू घेऊन हिंडले आणि मग हिंदुस्थानात फिरू लागले. शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद तंबू. हजार माणसे बसत. एकच चित्र जावातल्या माणसाला कळे आणि इथल्यालाही. पुढे इथल्या मूकपटांत अनेक भाषांतल्या पाट्या येऊ लागल्या. वाचता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी त्या मोठ्याने वाची, खाली पेटी-तबला चाले. हेच युसुफअली पुढे अर्देशिर इराणींचे भागीदार झाले, आणि मॅजेस्टिक हे या दोघांचेच थिएटर. म्हणजे बोलपट ज्या पडद्यावर पहिल्यांदा बोलला, तो पडदाही मूकपटाच्या कमाईवर उभा होता.

आणि फातमा बेगम? १९१३ मध्ये फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले. १९२२ मध्ये फातमा बेगम 'वीर अभिमन्यू'त उभ्या राहिल्या. १९२६ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढून 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक ती हीच. 'आलम आरा'ची नायिका जुबेदा ही त्यांची मुलगी. आपण मुलीचे नाव घेतो, आईचे विसरतो. मुलगी बोलली ना!

मूकपट म्हणजे सिनेमाचे बोबडे बोल, असे समजणाऱ्यांची मला कीव येते. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) पाहा. सुरुवातीलाच त्यांची लहानगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकामागून एक भाव दाखवते, आणि पाहता पाहता त्या मुलीचा कृष्ण होतो. एक शब्द लागत नाही. बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाशा'त (१९२५) अंधारलेली झोपडी आणि भुंकणारे कुत्रे होते. त्या दृश्याची आठवण जे. बी. एच. वाडियांनी लिहून ठेवली आहे. आवाज नसलेले भुंकणे ज्याला जन्मभर ऐकू आले, त्याला बोबडे बोल म्हणायचे? शिवाय तो विषय कुणाचा? १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा उसळला. ते सुपे जुन्या भीमथडी तालुक्यातले, म्हणजे कासुर्डीच्या शेजारचेच. त्या कर्जात कुणबी होता तसा मुसलमान शेतकरीही होता. चित्र दोघांचे होते.

ते चित्र आज नाही. देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. शाबूत वा तुकड्यातुकड्यांनी उरले ते तीसेक. फातमा बेगमांचे एकही रीळ हाती लागलेले नाही. ज्वालाग्राही नायट्रेटच्या फिती आणि आपली बेपर्वाई यांनी मिळून हे केले. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातही संग्रहालयाच्या जुन्या रिळांना आग लागलीच.

"पोटाची भ्रांत असताना मूकपट कशाला?" असे आपल्यातलेच शहाणे विचारतील. ज्याच्या मुलाच्या हातात चोवीस तास मोबाईल आहे, त्याने हे विचारू नये. पाहणे तर चालूच आहे, पाहायला शिकवत कुणी नाही. १९६४ पासून चित्रपट संग्रहालय पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर आहे, कासुर्डीहून एका एस.टी.च्या अंतरावर. आपल्या संमेलनांत कव्वालीच्या रात्रीला पैसे निघतात. त्यातली एक रात्र वजा करा. शाळेच्या पटांगणात पांढरी चादर बांधा आणि ताजमहालाच्या कारागिराची कथा सांगणारा, २०१७ मध्ये नव्याने दुरुस्त झालेला 'शिराझ' (१९२८) लावा. पाट्या गावातल्या एखाद्या मुलीने मराठीत वाचाव्यात. पेटी वाजवणारा गावात मिळतोच.